रेवा, गंगा आणि नाथसागर

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडची ‘कंडिसा’ ही ध्वनिफीत २००० साली बाजारात आली. तीत सातच रचना होत्या. पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत ती लगोलग पोचली असणार. नगरला आमच्या वसतिगृहात ती आली तेव्हा पावसाळा लागला होता. खोलीतल्या मैत्रिणीच्या भावाने ती पुण्याहून आणली होती. वॉकमन एक होता आणि ऐकणाऱ्या दोघी, त्यामुळे इअरफोनचा एक कान तिला आणि एक मला अशी वाटणी असे. याचा एक परिणाम असा झाला, की त्या फितीतली काही वाद्ये मी कित्येक महिने ऐकलीच नव्हती. ती तिच्या कानात वाजत होती.

या बँडला कोणत्या खणात ठेवावे याविषयी जाणकारांत मतभेद होते. कुणी फ्यूजन म्हणे, कुणी रॉक, कुणी ‘पर्यायी’ रॉक. १९९० साली सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व गळा यांतून त्याची सुरुवात झाली. १९९१ मध्ये बास गिटार घेऊन राहुल राम आले, १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलम बसले. पहिली ध्वनिफीत १९९३ची, त्यानंतर १९९७ची ‘डेझर्ट रेन’ आणि मग ‘कंडिसा’. ‘पर्यायी’ हा शब्द आम्ही तेव्हा फार सैलपणे वापरत होतो. पाश्चात्त्य संगीतात त्याला एक विशिष्ट इतिहास आहे, बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर वाढलेल्या बँडांचा. आमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की हे सिनेमाचे गाणे नाही. शिवाय यात तबला होता, गुबगुबी होती, शब्द आपल्या आसपासच्या भाषांचे होते. म्हणजे ते इंग्रजी गाणेही नव्हते. दोन्हीकडून नकार देऊन जे उरते ते आमचे, असा तो हिशेब होता. विसाव्या वर्षी असे हिशेब फार चोख वाटतात.

शीर्षकगीत सीरियाक-अरामी भाषेतले जुने ख्रिस्ती स्तोत्र आहे. त्याचा एकही शब्द आम्हांला कळत नव्हता. पण माझी मैत्रीण नगरच्या ख्रिस्ती घरातली. हे देवळात म्हणायचे गाणे आहे हे तिने पहिल्याच ऐकण्यात ओळखले. तिच्या घरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे पेटी-तबल्यावर गात. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले आणि परक्या चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी अभंग, भजन, कीर्तन आणले. ‘स्मृतिचित्रे’ अभ्यासक्रमात वाचणारे विद्यार्थी टिळकांच्या तऱ्हेवाईकपणावर हसतात आणि पुढे जातात. या माणसाने एका समाजाचे गाणेच बदलले हे बहुधा निसटते. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. इथे त्याचा उल्लेख इतक्याचसाठी, की नगरमध्ये ‘कंडिसा’ ऐकणे हे दिल्लीत ऐकण्यापेक्षा थोडे निराळे होते. गावाला आधीपासून एक कान होता.

माझ्यासाठी मात्र ती फीत म्हणजे ‘मा रेवा’ हे एकच गाणे.

नर्मदेच्या खोऱ्यात गायले जाणारे हे स्तुतिगीत. भाषा निमाडी-माळवीच्या वळणाची आणि आशय अगदी साधा: नदी आई आहे, तिचे पाणी निर्मळ आहे, ते खळाळत वाहते आहे. त्यात धरण नाही, विस्थापन नाही, सरकार नाही, घोषणा नाही. ते बँडकडे कसे आले हे मात्र ठाऊक असायला हवे. राहुल राम यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केली आणि परतल्यावर नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात ते नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत होते. गाणे त्यांना त्या खोऱ्यात भेटले. तो काळ महाराष्ट्राच्या दृष्टीने मणिबेलीचा. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातील जे पहिले गाव गेले ते मणिबेली. १९९३ साली ते बुडू लागले तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता; १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९९ च्या पावसाळ्यात डोमखेडीला सत्याग्रही वाढत्या पाण्यात उभे राहिले. आम्ही नगरला हे वर्तमानपत्रात वाचत होतो आणि लगेच पुढच्या वर्षी त्या नदीचे गाणे कानात आले. मग १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास परवानगी दिली. ती बातमी मी वसतिगृहाच्या भोजनगृहात वाचली. त्या दिवशी गाणे लावायचे मला सुचले नाही. मैत्रिणीने लावले आणि दोन्ही कान मला दिले.

माझ्या आजोळचे गाव शेवगाव तालुक्यात, गोदावरीच्या काठी होते. ‘होते’ हे क्रियापद मी जाणून वापरते आहे. जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी बसवली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. (कोनशिलेची तारीख आणि न्यायालयाच्या निकालाची तारीख एकच, मध्ये बरोबर पस्तीस वर्षे. योगायोगाला अर्थ नसतो हे मान्य. पण तो एकदा दिसला की नजरेआड होत नाही.) भिंत पैठणला, सुमारे दहा किलोमीटर लांबीची, मातीची. तिच्यामागे एकूण शंभर टीएमसीहून थोडे जास्त पाणी साठते. त्या पाण्याचा फुगवटा वर शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत शिरला. शंभराहून अधिक गावे पूर्णतः वा अंशतः बाधित झाली. कालवे गेले मराठवाड्यात. ते जायलाच हवे होते. त्या कोरड्या मुलखाची तहान खोटी नव्हती. पण ज्यांची जमीन गेली आणि ज्यांच्या जमिनीला पाणी मिळाले ते एकमेकांना ओळखत नव्हते, ही गोष्ट पुढे समन्यायी पाणीवाटपाच्या सगळ्या भांडणांत कुणी फारशी आठवली नाही. ‘नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा’ असा मथळा छापला जातो तेव्हा बुडिताखाली गेलेला नगरचा माणूस त्यातल्या कोणत्या बाजूला धरायचा?

महाराष्ट्रात प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. उद्घाटनही त्याच वर्षीचे. आजोळचे लोक त्याच्या आधीच उठले होते. आईचे लग्न नव्या वसाहतीत पत्र्याच्या शेडसमोर मांडव घालून झाले. वसाहतीचे नाव जुन्या गावाचेच ठेवले होते, देवही नेले होते; नदी तेवढी नेता आली नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी फीत घेऊन आजीकडे गेले. मामाकडे टेपरेकॉर्डर होता. आजी ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मी ‘मा रेवा’ लावले आणि काही सांगितले नाही. सुरुवातीच्या वाद्यांकडे तिने लक्ष दिले नाही. शब्द सुरू झाल्यावर तिचे हात थांबले. ‘पाणी’ आणि ‘निर्मळ’ हे शब्द तिच्याही भाषेतले होते. पुष्कळ वेळाने तिने विचारले, “ह्यो बाप्या नदीला माय म्हणतोय ना गं?” मी हो म्हटले. ती नदी धरणात बुडवताहेत, हेही तेव्हा सांगितले. आजी म्हणाली, “नदी बुडत न्हाई बाई. गाव बुडतं.” आणि मग, “मंग ह्यो रडत कसा न्हाई?”

हा प्रश्न माझ्याबरोबर आजवर राहिला आहे. पुढे साहित्य शिकवताना तो कितीतरी वेळा निराळ्या रूपात समोर आला.

विस्थापनाचे आपले वाङ्मय पाहिले तर त्याचा मुख्य सूर तक्रारीचा आहे, आणि ते रास्तच आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१ साली आली; तिला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांची फरफट, कागदपत्रे, मोबदला, दलाल, पुढारी यांचे इतके सविस्तर चित्रण मराठीत त्याआधी नव्हते. ती कादंबरी शिकवताना वर्गात धरणग्रस्त घरातली मुले असली की तास वेगळाच होतो. कादंबरीतला तपशील ती पुरा करतात: कुणाच्या आजोबांकडे अजून मोबदल्याच्या कागदांचे गाठोडे आहे, कुणाच्या घरी बुडालेल्या विहिरीवरून वाद चालू आहे. पण त्या वाङ्मयात नदी स्वतः क्वचितच असते. असते ते पाणी: क्युसेकमध्ये, टीएमसीत, पातळीच्या मीटरमध्ये. नदीचे पाण्यात रूपांतर झाले, की गाऱ्हाणे मांडणाऱ्यालाही धरण बांधणाऱ्याच्याच भाषेत बोलावे लागते. मोबदला मागायचा तर एकर आणि गुंठे सांगावे लागतात. आईचे गुंठे कसे सांगणार?

‘मा रेवा’ने ही भाषा नाकारली, हे मला हळूहळू उमगले. ते गाणे रडत नाही, कारण ते धरणाशी बोलतच नाही. ते नदीशी बोलते. ‘रेवा’ या नावाचा अर्थ परंपरेने उसळत, उड्या घेत जाणारी असा सांगतात. धरणाने नेमके तेच थांबवले आणि जलाशयाला नाव दिले ‘सरोवर’. इथे नगर जिल्ह्याकडे पाहावे. प्रवरेवर भंडारदऱ्याला १९२६ साली विल्सन धरण पुरे झाले. त्यामागचा जलाशय ‘आर्थर लेक’. मुळेवर धरण झाले, जलाशय ‘ज्ञानेश्वरसागर’. गोदावरीवर जायकवाडी; जलाशय ‘नाथसागर’. इंग्रजांनी गव्हर्नरांची नावे दिली, आपण संतांची. भक्तिभाव त्यात असेल. मला त्यात एक फार हुशार कारकुनी दिसते. एकनाथांच्या नावाने भरलेल्या पाण्यावर तक्रार कशी करायची? आणि लेक असो की सागर, नाव बदलताना नदी मात्र नाहीशी होते. ज्ञानदेवांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी तो कुठे सिद्ध झाला हे सांगताना गोदावरीच्या काठाची खूण दिली आहे. नेवासे प्रत्यक्षात प्रवरेवर आहे. तरी ओळख गोदेची. त्यांनी टेकल्याचे मानला जाणारा खांब पाहून दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’ लिहिला. त्याच नावाचा त्यांचा लेखसंग्रह १९७० साली प्रसिद्ध झाला, म्हणजे खाली पैठणला भिंत उभी राहत असतानाच.

आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. ती ‘गंगा’, आणि तिच्या काठचा मुलूख ‘गंगथडी’. आजीने नाथसागर हा शब्द तिच्या आयुष्यात उच्चारलेला मी ऐकला नाही. वसाहतीपासून फुगवट्याचे पाणी तीनेक किलोमीटरवर होते. तिथे ती सणाला जाऊन यायची आणि म्हणायची, “गंगेला गेलते.” मामा हसून म्हणे, “आई, ते धरणाचं पाणी आहे.” ती उत्तर देत नसे. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि त्याला जुन्या बायकांची सवय समजत होते. राहुल राम यांचा आवाज ऐकल्यानंतर त्याच वाक्याकडे मी निराळ्या कानाने पाहू लागले.

याच संदर्भात पारनेरचे नाव यायला हवे. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० साली पारनेरचा. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करताना बापट ‘सेनापती’ झाले आणि शेवटी सात वर्षांची शिक्षा भोगली. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर मराठीत १९९४ साली पुस्तक लिहिले. २००९ मध्ये आलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकात त्यांनी या लढ्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले. बापट स्वतः पद्यरचना करीत. मुळशीचे मावळे, पारनेरचा सेनापती, सत्तर वर्षांनंतर मणिबेली: ही रेघ ओढण्याचा मोह होतो आणि सभासंमेलनांत ती ओढलीही जाते. मला ती एका जागी अडखळलेली दिसते. जायकवाडीची कोनशिला बसली तेव्हा बापट हयात होते; १९६७ साली ते गेले. धरणाविरुद्ध तुरुंगात गेलेल्या माणसाच्या जिल्ह्यातली गावे त्याच्या डोळ्यांदेखत बुडिताच्या यादीत आली. स्वातंत्र्यानंतर धरण बांधणारे ‘आपले’ होते. इंग्रजांच्या आणि भांडवलदारांच्या विरुद्ध जे गाणे रचता येते ते आपल्या माणसांविरुद्ध तितक्या सहज रचता येत नाही. मुळशीला ललकारीची गरज होती, आणि तो सूर बापटांना साधत होता. गंगथडीला जे हवे होते ते ललकारीत बसणारे नव्हते.

ते कशात बसत होते? माझ्या मते ओवीत. आजीचे लसूण सोलणे त्या दिवशी पुन्हा सुरू झाले तेव्हा मी विचारले, “तुमच्याकडं गंगेचं गाणं नव्हतं का?” ती म्हणाली, “गाणं कशाला, दळताना असायचीच की ती.” आणि तिने चार-पाच ओव्या सांगितल्या. गायली नाही, नुसत्या बोलली. जात्याशिवाय गळा लागत नाही, म्हणाली. त्यांत गंगा कुठेही विषय नव्हती. भाऊ गंगेपलीकडून येतो, गंगेला पूर आला म्हणून मूळ अडते, लुगडे गंगेच्या पाण्यासारखे निळे. जाते कधी थांबले, हेही मी विचारले, कारण सगळा दोष धरणावर टाकायची मला घाई झाली होती. ती म्हणाली, गिरणी तर जुन्या गावातच आली होती. नव्या वसाहतीत जाते नेले, पण ते दाराशी उखळाशेजारी पडून राहिले. म्हणजे ओवी बुडण्याआधीच विझत आली होती, आणि नंतर जिच्यात गंगा होती ती जागाही गेली.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण वार्तांकनाच्या संकेतस्थळावर मूळ आवाजासह प्रसिद्ध होऊ लागल्या. मराठीचा प्रत्येक विद्यार्थी या संग्रहात एकदा तरी हरवायला हवा. तिथे ऐकताना मला ‘मा रेवा’ची पुन्हा आठवण आली, आणि बँडविषयी एक शंकाही. खोऱ्यातल्या गळ्यांचे गाणे ध्वनिफितीवर येते, मैफलीत हजारो तरुण त्यावर डोलतात. त्यांतल्या किती जणांना मणिबेली ठाऊक असते? हा आक्षेप खरा आहे, पण पुरेसा नाही. ज्यांना मणिबेली ठाऊक नाही त्यांनाही त्या गाण्यातून नदी मिळते, आणि ती कुणाला कुठे नेईल हे ठरलेले नसते. मला तिने तीन दशकांपूर्वी उठलेल्या गावाच्या ओसरीवर नेले. राहुल राम यांना शेवगाव तालुका माहीत असण्याचे काही कारण नाही.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी गेले. सुस्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले. आजी २०११ साली गेली. सरदार सरोवर १३८.६८ मीटर उंचीपर्यंत पुरे झाले आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. गाणे अजून गायले जाते. ती फीत माझ्याकडे आहे, पण लावायला यंत्र नाही.

काही वर्षांपूर्वी लोकसाहित्याच्या पेपरासाठी मी विद्यार्थ्यांना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून ओव्या लिहून आणायला सांगितल्या. गंगथडीच्या एका वसाहतीतल्या मुलीने तिच्या आजीकडून अकरा आणल्या. नऊ ओळखीच्या होत्या: भाऊ, माहेर, पंढरी. उरलेल्या दोन मी कधी ऐकल्या नव्हत्या. एकीत भाऊ गंगेपलीकडून येतो, नेहमीसारखा. दुसरीत तोच भाऊ येतो, पण वाटेत ‘फुगवटा’ आहे आणि त्याला होडीतून यावे लागते. चार अक्षरांचा हा सरकारी शब्द त्या चरणात नीट बसत नव्हता. मुलीने ध्वनिमुद्रणही केले होते, म्हणून ऐकता आले. म्हातारीने ‘फु’ ओढून दोन मात्रांचा केला होता, ‘टा’ जवळजवळ गिळला होता आणि पुढे ‘गं बाई’ जोडून चरण पुरा केला होता. त्या ओवीला मी वहीच्या समासात फक्त तारीख लिहिली आणि मुलीला विचारले, आजीने ही कधी रचली? तिने घरी जाऊन विचारले. दुसऱ्या दिवशी सांगितले, “आजी म्हणते, मी नाही रचली. ती तर पहिल्यापासूनच आहे.”